रुसण्याचा हक्क

दत्तक मूल म्हटले की शहरातील वाचकांच्या डोळ्यांसमोर संस्था, अर्ज, प्रतीक्षायादी आणि मूल मोठे झाल्यावर त्याला विश्वासात घेऊन सांगायचे एक गुपित उभे राहते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा-दिग्रसकडील खेड्यांत चित्र बहुतेक वेळा उलटे असते. येथे मूल बहिणीचे, दिराचे किंवा चुलत नात्यातील घेतात, ओटीत घालण्याच्या दिवशी गावभर पेढे वाटतात, आणि ते मूल रांगू लागण्याआधीच ते कोणाच्या पोटचे हे हापशीवरच्या बायकांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांना ठाऊक असते. जिथे गुपितच नाही तिथे मुलाच्या मनाला सल तो कसला, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. मी स्वतः अशी ओटीत घातलेली मुलगी आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवताना अशी मुले समोरच्या बाकांवर बसलेली पाहत आले आहे. त्यामुळे हा समज मला कधीच पटलेला नाही. सल असतो, परंतु तो गुपिताचा नसतो.

माझी हकीकत तशी साधी आहे. मायच्या धाकट्या बहिणीला लागोपाठ तिसरी मुलगी झाली आणि मायला मूल नव्हते, म्हणून मी वर्षाची होण्याच्या आत दिग्रसजवळच्या एका गावातून दारव्ह्याकडच्या या गावी आले. जिने जन्म दिला तिला मी मावशी म्हणते, तिच्या यजमानांना काका म्हणते, आणि माझ्या दोन सख्ख्या बहिणी व पाठचा भाऊ ही माझी मावसभावंडे आहेत. आजी आणि मामा मात्र दोन्ही बाजूंनी तेच राहिले, कारण देणारी आणि घेणारी या एकाच घरच्या लेकी होत्या. आजोळी गेल्यावर मला जो मोकळेपणा वाटे त्याचे कारण हेच असावे असे आता वाटते: त्या एका घरात माझ्या येण्याजाण्याने कोणाचेही नाते बदललेले नव्हते.

आपण दत्तक आहोत हे मला कोणी समजावून सांगितल्याचे आठवत नाही, कारण ते मला नेहमीच माहीत होते. मात्र माहीत असणे आणि उमजणे यांत काही वर्षांचे अंतर असते. डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दत्तक मुलांच्या समजुतीचा जो अभ्यास केला त्यात हेच दिसून आले की लहान मूल आपली दत्तक घेतल्याची गोष्ट आनंदाने सांगते, पण शाळेत जाऊ लागल्यानंतरच्या वर्षांत त्याच्या ध्यानात येते की कोणी तरी घेण्याआधी कोणी तरी दिलेले असावे लागते. सागरगोट्यांच्या डावात हरलेली एक मैत्रीण मला म्हणाली होती, ‘तुही खरी माय थे नाही, दिग्रसची हाय.’ ही बातमी मला नवीन नव्हती. नवीन होती ती त्यानंतर रात्री अंथरुणात पडलेली शंका, की मावशीने बाकीच्या दोघींना ठेवून घेतले.

पुढे इतिहासाच्या तासाला डलहौसी आला. १८५३ साली तिसरे रघुजी भोसले पोटच्या मुलाविना आणि कोणाला दत्तक न घेताच वारले, राण्यांनी मागाहून घेतलेला दत्तक इंग्रजांनी मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, हा भाग गुरुजी वाचत होते. ‘दत्तक वारसा नामंजूर’ हे शब्द त्यांनी फळ्यावर लिहिताच अर्ध्या वर्गाने मागे वळून माझ्याकडे पाहिले. आज तोच धडा मी शिकवते तेव्हा वर्गात असे मूल असेल तर तारखा पटकन उरकून पुढे जाते. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने हे कितपत योग्य आहे याची मला फारशी चिंता वाटत नाही.

माझ्या मते दत्तक मुलाला घरात जे सर्वांत कमी मिळते ते प्रेम नव्हे. प्रेम बहुधा उदंड मिळते. त्याला रुसता येत नाही. शेजारची मुलगी पोळ्याला मनासारखा फ्रॉक मिळाला नाही म्हणून ताट सरकवून देई, तिची आई तिला दोन रट्टे देई, आणि तासाभराने तीच आई तिला मांडीवर घेऊन भरवत असे. मी एकदा असेच ताट सरकवले तेव्हा कोणीही माझ्यावर हात उचलला नाही. ओसरीवर शांतता पसरली, बाबांची आई ‘एवढं केलं पोरीसाठी’ असे म्हणाली, आणि माय पदर तोंडाला लावून आत निघून गेली. रट्टा बसला असता तर विषय तिथेच संपला असता. त्या घरात माझा राग हा फ्रॉकवरचा राग कधीच राहत नसे. तो लगेच उपकारांवरचा, मायच्या वांझपणावरचा आणि दिग्रसच्या घराच्या ओढीचा पुरावा ठरत असे. एवढे ओझे एका फ्रॉकवर घालण्यापेक्षा मुकाट जेवणे सोपे होते, आणि मग मी गावात गुणाची पोर म्हणून प्रसिद्ध झाले. वर्गात एखादे मूल फारच गुणी दिसले, प्रत्येक गोष्टीला होकार देताना दिसले, की मला त्याचे कौतुक वाटण्याआधी त्याची काळजी वाटते.

याच्या उलट वागणारी मुलेही मी पाहिली आहेत. ती घर डोक्यावर घेतात, पैसे चोरतात, वहीची पाने फाडतात, आणि त्यांचे पालक ‘रक्तच तसं’ असे म्हणून मोकळे होतात. ही मुले बहुतेक वेळा एकच गोष्ट तपासून पाहत असतात, ती म्हणजे आपण कितीही वाईट वागलो तरी हे लोक आपल्याला ठेवतील की नाही. त्या तपासणीला ‘रक्तच तसं’ हे सर्वांत क्रूर उत्तर आहे, कारण रक्ताच्या नावाने मुलाला पुन्हा दाराबाहेर उभे केले जाते.

‘जास्त करशील तर दिग्रसले धाडून देईन’ हे वाक्य मायने थट्टेत म्हटले असेल, कधी रागात म्हटले असेल. असे वाक्य प्रत्येक घरात असते; कोणी मामाकडे धाडणार असते, कोणी बोर्डिंगात घालणार असते, आणि मूल त्याला भीक घालत नाही. माझ्या बाबतीत मात्र ते दिग्रसचे घर खरोखर अस्तित्वात होते, त्यात माझ्या दोन बहिणी झोपत होत्या आणि तिसरीला जागा होती. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा मी खूप नंतर वाचला. विधिवत झालेले दत्तक घेणाऱ्याला रद्द करता येत नाही आणि मुलालाही ते नाकारून जन्माच्या घरी परत जाता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ते कलम लहानपणी कोणी मला वाचून दाखवले असते तर माझ्या कित्येक रात्री बऱ्या गेल्या असत्या. याच कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी केली; त्याआधीच्या शास्त्रात साधारणपणे पिंडदान करणारा पुत्रच दत्तक घेतला जाई. जन्माच्या घराशी असलेले सारे नाते तुटल्याचे कायदा मानतो, केवळ एक गोष्ट सोडून: लग्नासाठी जी नाती पूर्वी वर्ज्य होती ती वर्ज्यच राहतात. तेवढ्यापुरते कायद्यालाही रक्त आठवते.

उन्हाळ्याच्या सुटीत मी मावशीकडे जात असे. तिथे मला पाहुणीसारखे वाढले जाई. बहिणी पाणी भरत, शेणगोठा करत, आणि मला बसवून ठेवीत. मी झाडू हातात घेतला की मावशी तो काढून घेई. मला तिने एकदा तरी खेकसावे असे फार वाटे. मोठी बहीण म्हणे, ‘तुले काय बापा, येकुलती येक हायेस,’ आणि त्यात तिचे चूक नव्हते, कारण बाबांकडे ओलिताचे वावर होते, माझे शिक्षण थांबले नाही, आणि तिचे लग्न दहावीआधी उरकले गेले. ज्या घराने मला दिले त्या घरातील मुलींपेक्षा माझे बरे झाले ही वस्तुस्थिती आहे. परंतु या वस्तुस्थितीचा उपयोग आयुष्यभर माझे तोंड बंद करण्यासाठीच झाला. ‘नशीब काढलं पोरीनं’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते त्याला दुःख सांगायला जागा उरत नाही.

माझ्या दत्तकाचा कागद बराच काळ नव्हता. पंचांसमोर ओटीत घातले, पेढे वाटले, एवढेच. कायद्याला देणे आणि घेणे प्रत्यक्ष घडणे पुरेसे आहे, होमहवन आवश्यक नाही. पण बाबांच्या पुतण्यांची नजर वावरावर होती आणि कागदावाचून पुढे सिद्ध करणे कठीण गेले असते. म्हणून माझ्या लग्नाआधी बाबांनी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दत्तकपत्र नोंदवून घेतले, कारण नोंदणीकृत कागदावर देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या असल्या की दत्तक विधिवत झाले असेच न्यायालय आधी गृहीत धरते. कचेरीबाहेरच्या बाकावर मी तो मसुदा वाचला. आम्ही ही मुलगी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता दिली असून तिच्यावर आमचा कसलाही हक्क राहिलेला नाही, अशा अर्थाची ओळ त्यात होती. तशी ती लिहावीच लागते, कारण पैसे देऊन-घेऊन केलेले दत्तक हा गुन्हा आहे. मावशीने त्या ओळीखाली सही केली आणि मला पदराने घाम पुसायला लावला, जणू मीच आजारी होते. त्यानंतर लग्नात आहेराच्या वेळी तिला मावशीच्या मानाची साडी मिळाली. ती मायच्या साडीपेक्षा कमी किमतीची असावी याची काळजी बाबांच्या बहिणीने जातीने घेतली होती.

नात्यातील दत्तकाचे सर्वांत अवघड रूप मी आमच्या पंचक्रोशीतील एका गृहस्थांच्या बाबतीत पाहिले. मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, त्यांना दत्तक घेतले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, त्यामुळे त्यांना सगळे आठवते. दोन्ही घरांत एकच भिंत होती. सकाळपर्यंत ज्यांना बाबा म्हणायचे त्यांना संध्याकाळपासून काका म्हणायचे, असे ठरले. वावराला वारस हवा होता आणि तो उघडपणे तसाच मागून घेतला होता. सख्ख्या भावांच्या वाट्याला तुकडे आले आणि यांना मोठे वावर मिळाले, म्हणून भाऊ दुरावले. पुढे कापसाच्या पडत्या वर्षांत त्याच वावराच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला, तेव्हा ‘मोठ्या बाबांची इस्टेट बुडवली’ हेही त्यांनाच ऐकावे लागले. त्यांचे जन्मदाते वडील वारले त्या दिवशी मडके धाकट्या भावाने धरले. भटजींनी यांना तीन दिवसांचे सुतक सांगितले आणि ते पुतण्यांच्या रांगेत उभे राहिले. त्यांनी मला सांगितले की रडू आले होते, पण बाजूच्या भिंतीपलीकडे मोठी माय ऐकत होती. वय झालेला, नातवंडे असलेला हा माणूस. त्याला स्वतःच्या बापासाठी मोठ्याने रडायची परवानगी कोणाकडून घ्यावी हे कळत नव्हते.

संस्थेतून घेतलेल्या मुलांची गोष्ट वेगळी असते, आणि तालुक्याच्या गावांत ती आता दिसू लागली आहेत. तिथे गुपित ठेवण्याचा मोह होतो, कारण ते ठेवणे शक्य आहे असे पालकांना वाटते. आमच्या विदर्भात ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळेही फुटू शकते, याचा विचार किती पालक करतात कोण जाणे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. पण आपल्याकडे शाळांतून या तपासण्या त्याआधीपासून होत आल्या आहेत. माझ्या ओळखीच्या एका घरातील मुलगा अशा तपासणीत वाहक, म्हणजे त्या आजाराचा एक जनुक अंगात असलेला, निघाला, मग आरोग्य केंद्रातून आईवडिलांनाही तपासणीसाठी बोलावले गेले, आणि दोघांचेही रक्त निर्दोष आले. मूल वाहक असेल तर निदान एका जन्मदात्यात तो जनुक असायला हवा. मुलगा नववीत होता आणि विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात त्याने हेच शिकलेले होते. त्याने तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्याला कोणी काही सांगायची गरज उरली नाही. तो भडकला तो दत्तक असल्यामुळे नव्हे. कागद हाती आल्यानंतरही वडील प्रयोगशाळेचीच चूक असेल असे सांगत राहिले, हे त्याला सहन झाले नाही. कित्येक महिने तो घरात मोजून बोलत असे. त्याच्या आईने मला विचारले तेव्हा मी एवढेच सांगितले की त्याला रागावू द्या आणि त्या रागात तुम्ही रडू नका.

कॅनडातील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क, जे स्वतः दत्तक मुलांचे वडील होते, यांनी १९६४ मध्ये असे मांडले की काही दत्तक कुटुंबे आपण इतरांसारखीच आहोत असे म्हणून फरक नाकारतात आणि काही कुटुंबे फरक मान्य करून त्याविषयी बोलतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या घरांत पालक आणि मुले यांना एकमेकांचे दुःख अधिक कळते. आमच्या खेड्यांत मला एक तिसराही प्रकार दिसतो: फरक सारे गाव बोलून दाखवते आणि घर मात्र त्याविषयी गप्प असते. संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर कसे एकजीव होते हे दृष्टान्त म्हणून मला इतक्यांदा ऐकवले गेले आहे की त्याचा मला वीट आला आहे. कलमाला दर दिवाळीला मूळ झाडाकडे भाऊबीजेला जावे लागत नाही.

नाव देणे म्हणजे काय हे पाहायचे असेल तर अचलपूर तालुक्यातील वझ्झरला पाहावे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना सांभाळले आणि वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते कायद्याच्या भाषेतील दत्तक नव्हे. तरीही अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना घराबाहेर काढू नये, ही जी मागणी ते सतत करीत आले आहेत, ती मला दत्तकाच्या प्रश्नाच्या गाभ्याशी नेणारी वाटते. मुलाला हवे असते ते हेच, की आपले असणे कोणत्याही मुदतीवर किंवा वागणुकीवर अवलंबून नाही.

संस्थेतून आलेल्या मुलाला अठरा वर्षांनंतर स्वतः, आणि त्याआधी पालकांच्या बरोबरीने, आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, अर्थात जन्मदात्यांच्या गोपनीयतेला धक्का न लावता. ज्या घरांत मुलाने असा अर्ज करायचे नुसते म्हटले तरी आई अंथरूण धरते, तिथे हा नियम कागदावरच राहतो. मला मूळ शोधावे लागले नाही. ते एसटीने तासाभरावर होते. तरी विचारायला मला पन्नाशीच्या जवळ यावे लागले.

बाबा गेल्यापासून माय माझ्याकडे असते. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत मावशी आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा दोघी बहिणी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या असताना मी मावशीला विचारले, की मलाच का दिले, मोठ्या दोघींपैकी एखादी का नाही. तिने हातातील शेंग सोलून संपवली आणि म्हणाली, ‘थ्या दोघी मले माय म्हनाले लागल्या होत्या. तू काईच म्हनत नव्हती अजून.’ मग थोडे थांबून, ‘आन तिसरी पोरगीच झाली म्हनून घरात तुले कोनी धड पाह्यलंबी नव्हतं. ताईनं पाह्यलं.’ हे उत्तर खरे होते आणि त्यात दोष काढण्यासारखे काहीच नव्हते. तरीही मला इतका राग आला की मी मावशीशी बोलणे टाकले. तिचे ताट वाढून समोर सरकवायचे आणि वळायचे, असे माझे चालू झाले. दुसऱ्या दिवशी मायच्या ते लक्षात आले आणि तिने मला सरळ झापले, ‘माह्या बहिणीसंग अशी काऊन वागून राह्यली तू?’ त्यात उपकारांचा उल्लेख नव्हता आणि तिचा पदरही तोंडाकडे गेला नाही. मी तिलाही उलटून बोलले. तिने मला उद्धट म्हटले आणि चहा मांडायला सांगितले. मी उठले नाही; शेवटी मावशीनेच उठून चहा मांडला, आणि साखर कमी पडल्याबद्दल माय तिच्यावर खेकसली.